तिसऱ्या चंद्रावरचा शिंपी

सोमवार, ४ तारीख

अगं, आधी सगळ्यांची खुशाली कळव. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना, की मी बघायला नाही म्हणून तरातरा उतरतेस? आक्काचं ब्लडप्रेशर मोजलं का? ती नाहीच म्हणणार, मला काय धाड भरलीय म्हणणार, तरी मोजायचं. धाकट्या भावाने बजावलंय म्हणून सांग, म्हणजे शिव्या मला पडतील, तुला नाही. थोरल्याची कंबर काय म्हणतेय? त्याला सांग, खुर्चीला पाठ टेकून बसत जा, मशिनवर वाकून बसण्याचा मक्ता बापाने घेतला होता, तो संपला. सूनबाईचा बसलेला घसा सुटला का? आणि आपली चिमणी? पुढचा दात पडला, की अजून दिवसभर जिभेने हलवत बसलीय?

मी ठणठणीत. खोकला आहे, पण तो आता घरचाच झालाय.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर सुचत नाही, तेव्हा ठरल्याप्रमाणे ही रोजनिशी. रोज लिहीन आणि जमतील तशी पानं पाठवीन. दुकान बंद केल्यापासून घरभर तुझ्या मागे मागे फिरत होतो, तूच म्हणालीस, जा हो एकदाचे कुठेतरी. तर आलो.

खोली ऑफिसच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर आहे. पलंग, टेबल, कपडे अडकवायला तीन खुंट्या. कोट मधल्या खुंटीला लावला. खाली मोठा हॉल, पायाखाली मऊ सतरंजी, आणि खुर्च्या अशा की बसलं की माणूस मागेच कलंडतो. आमच्या वरिष्ठ बाई थोरल्याच्या वयाच्या आहेत. सगळे त्यांना साहेबबाई म्हणतात. माझ्या शेजारी एक जण बसतो, त्याच्या डोक्यावरची लोकरीची टोपी कधी उतरत नाही. त्याला मी टोपीवाला म्हणतो, तो मला काका म्हणतो. फिटंफाट.

काम ऐकलंस तर हसशील. हे लोक कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवतात. आकाशातला. प्रत्येकाला एक यान मिळतं, मग वाटेल त्या ग्रहावर जा, वाटेल ते कर, लढ, व्यापार कर, नाहीतर नुसता भटक. लोक खेळतात आणि मग लिहून कळवतात, हे आवडलं, ते नाही आवडलं. ते वाचायचं आणि बटण दाबायचं. हिरवं म्हणजे ‘राहू द्या’, लाल म्हणजे ‘कापा’. आमची बटणं आणि खेळणाऱ्यांची मतं एकत्र मोजली जातात. ज्यावर हिरवं जास्त ते खेळात वाढतं, ज्यावर लाल जास्त ते दुसऱ्या दिवशी खेळात नसतं. मध्ये कुणी माणूस बघत नाही. साहेबबाई हे मोठ्या अभिमानाने सांगत होत्या.

मग मी कशाला? तर आधी हे वाचायला मशिन होतं, आणि मशिनला टोमणा कळत नाही. एकाने लिहिलं, “वा, काय ग्रह बनवलाय, डोळे निवले.” मशिनला वाटलं खूश झाला, तसलेच आणखी ओसाड ग्रह बनवून ठेवले. उभा जन्म गिऱ्हाइकाच्या ‘छान शिवलंय हं’ मधला तो ‘हं’ ऐकलेला माणूस त्यांना हवा होता. तो मी.

बुधवार, ६ तारीख

दोन दिवस वाचतोय. अगं, काय एकेक नग आहेत! एक म्हणतो, ग्रहावर दिवसभर चाललो, दगडांशिवाय काही दिसलं नाही. मग काय तुझी मावशी उभी राहणार होती तिथे ओवाळायला? दुसऱ्याला खेळातल्या दुकानदारांचे डोळे मेल्यासारखे वाटतात. तिसरा म्हणतो, यानातली खुर्ची मनासारखी वळत नाही. हा घरी आपली खुर्ची तरी आत सरकवून उठत असेल का? स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही आणि आकाशगंगेतल्या चुका काढतात. नुसते नाकाने कांदे सोलतात.

आणि खेळ तरी काय दिव्य! टोपीवाल्याने दाखवला. आकाश एवढं थोरलं, आणि बाजारात माणसं खांबासारखी उभी. त्यांच्याजवळ गेलं की तेच वाक्य बोलतात, लांब जाऊन परत आलं की पुन्हा तेच. टोपीवाला म्हणाला, काका, तुम्ही पण दुपारी चहाला दर वेळी तेच बोलता. आगाऊ आहे, पण मनाने वाईट नाही.

शुक्रवार, ८ तारीख

प्रत्येक तक्रारीच्या खाली उत्तरासाठी एक रिकामी चौकट असते. कुणी वापरत नाही. पण गिऱ्हाईक कुरकुरत समोर उभं आहे आणि आपण तोंडात गुळणी धरून बसायचं, हे मला या जन्मी जमायचं नाही. म्हणून दगडवाल्याला लिहिलं, “बाळा, दिवसभर दगड बघितलेस, त्यात एकदा उठून आईला पाणी विचारलंस का?” मेल्या डोळ्यांवाल्याला लिहिलं, “तूही रोज सोळा तास पडद्याकडे बघ, मग आरशात बघ.” खाली नाव घातलं, शिंपीकाका. मग हात वाहवतच गेला. कुणाला तुझ्या गुडघ्याचं सांगितलं, कुणाला आक्काच्या हट्टाचं, कुणाला सूनबाईने पहिल्यांदा शिवलेल्या उलट्या खिशाचं. तिला सांगू नकोस.

साहेबबाई मागे येऊन उभ्या होत्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या हसत होत्या.

मंगळवार, १२ तारीख

माझ्या उत्तरांना उत्तरं येऊ लागलीत, आणि ती थांबत नाहीत. “कोण आहेत हे काका? एक नंबर.” “मला पण शिव्या द्या.” “हे काका खेळात पाहिजेत.” हे शेवटचं पुष्कळांनी लिहिलंय. त्यावर कुणीतरी बटण दाबायला हवं होतं, आणि पडदा माझ्याच पुढे होता. हिरवं दाबलं. लाजायचं कशाला? या वयात माझं कौतुक तू तरी कधी केलंस!

गुरुवार, १४ तारीख

खेळात तिसऱ्या चंद्रावर एक दुकान उघडलंय. फाटलेले अंतराळपोशाख शिवून मिळतात. गल्ल्यामागे मी. चेहरा गेटपासच्या फोटोवरून घेतला म्हणे. नाक जरा लांबवलंय, मेल्यांनी. अंगात माझाच तपकिरी कोट, गळ्यात टेप, चष्म्याच्या काडीला तोच दोरा. जवळ गेलं की मीच लिहिलेली वाक्यं बोलतो, मध्येच खोकतो. टोपीवाल्याने मुद्दाम पोशाख फाडून घेतला आणि तिथे नेला. पडद्यातल्या मी त्याला विचारलं, टोपी धुतोस का कधी? सगळा हॉल हसला. पानं आज पोस्टात टाकतो, म्हणजे तूही हस.

सोमवार, १८ तारीख

कौतुकाला ओहोटी लागायला वेळ लागत नाही. “शिंपी सारखा खोकतो, डोकं उठतं.” पाच-पंचवीस जणांची तीच तक्रार. काही म्हण, तक्रार रास्त होती. गिऱ्हाइकाला बाही लांब वाटत असेल तर कापावी, वाद घालू नये. लाल दाबलं.

मंगळवार, १९ तारीख

खोकला गेला! रात्रभर एकदाही उबळ नाही. इथली हवा मानवली म्हणायची. आज लोकांचं म्हणणं, शिंपी मागच्या कपाटापर्यंत फार रमतगमत जातो. लाल. आणखी दहा-बारा जणांनी लिहिलंय, सुनेचं पुराण पुरे. त्यांचंही बरोबरच, यांना काय करायचंय माझ्या सुनेशी? लाल.

बुधवार, २० तारीख

आज जिना एका दमात चढलो. दम लागला नाही, पाय दुखले नाहीत. तुलाही इथेच आणायला हवं.

गुरुवार, २१ तारीख

दुपारी ऑफिसच्या फोनवर माझ्यासाठी कुणा बाईचा फोन आला. आवाज बसका पण लाघवी. मला बाबा म्हणत होती. गोळ्या घेताय का, कोट धुवायला दिलात का, चिमणी तुमची आठवण काढते, असं बरंच. चिमणीचं नाव हिला कुठून कळलं? हल्ली असे भामटे फार झालेत, आधी गोड बोलतात मग गळा कापतात. मी स्पष्ट विचारलं, बाई, तुम्ही कोण? ती म्हणाली, असं काय करता बाबा, मी सूनबाई. मी म्हटलं, थोरल्याचं लग्न झालेलं नाही, दुसरं घर शोधा. तर रडायलाच लागली. नाटकं नुसती. चिमणीला सांभाळ गं. तिला असे फोन घेऊ देऊ नकोस.

शनिवार, २३ तारीख

तुझं पत्र आलं. चार ओळी, आणि त्यातल्या तीन मला झोडपायला. सुनेला असं का बोललात, ती त्या रात्री जेवली नाही, म्हातारचळ लागला का. पुन्हा पुन्हा वाचलं. तू खोटं लिहिणार नाहीस. पण मला आठवत नाही. चेहरा नाही, आवाज नाही, लग्नातलं एक माणूस नाही. थोरल्याचं लग्न नाही तर चिमणी आली कुठून, हेसुद्धा माझ्या मनात आलं नव्हतं. त्या जागी काही नाहीच. कापड सरळ कापून काठ दुमडून शिवावा तसं सफाईदार आहे ते, एक धागा लोंबत नाही.

मग ते सोमवार-मंगळवार आठवले. खोकला, पाय आणि सून. तिन्ही मी माझ्या हाताने कापली.

सूनबाई, तुझी माफी मागतो. कशी दिसतेस ते माहीत नाही, तरी मागतो.

सोमवार, २५ तारीख

साहेबबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, मला वेडा म्हणाल्या नाहीत. त्याचंच भय वाटलं. म्हणाल्या, काका, शिंपी लोकांना पूर्वीपेक्षा जास्त आवडायला लागलाय, घरगुती बोलणं कमी झाल्यापासून तर फारच. मी म्हटलं, मला काढून टाका त्यातून, सगळा काढा. त्या म्हणाल्या, ते आमच्या हातात नसतं, लोक ठरवतात. आणि हळूच म्हणाल्या, सगळा काढला तर तुमचं काय उरेल, विचार केलात का?

दिवसभर हिरवं बटण दाबत बसलो. ‘शिंप्याच्या मुलाचं कौतुक बंद करा’ म्हणे. राहू द्या. ‘ती आक्का कोण, तिची नक्कल नको’ म्हणे. राहू द्या, राहू द्या. पण मी एकटा, आणि तिकडे दळभद्र्यांची फौज. एकेकाला घरी बोलावून आक्काच्या समोर उभं करायला हवं. ती शब्दाने सोलून काढील.

घरातल्यांची नावं कोटाच्या अस्तरात दोऱ्याने शिवली. लाल दोरा, बारीक टीप. कोट अंगातून काढणार नाही.

मंगळवार

पिशवी भरली आणि निघालो. गेटवरच्याने हटकलं नाही. स्वच्छ ऊन होतं, समोरच्या दुकानाची फळी कुणीतरी धूत होतं, साबणाचं पाणी रस्त्याच्या कडेने वाहत होतं. कोपऱ्यावर बसथांबा. कोपरा वळलो आणि गल्ल्यामागे उभा होतो. गळ्यात टेप.

कुणीतरी लिहिलं होतं, शिंप्याचं दुकान कधीकधी बंद असतं, वैताग. ते ‘कधीकधी’ कापलं गेलं.

बुधवार

तुझं पत्र खिशात आहे. त्यात म्हणतेस, थोरला काळजीत आहे. थोरला म्हणजे कुणातला थोरला? अस्तर उलटून बघितलं. नाव आहे. माझीच टीप आहे. माणूस नाही.

येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. हात जोडून सांगितलं. बाबांनो, घरची माणसं जातायत, तेवढं लाल बटण दाबू नका, मला घरी जाऊ द्या. ऐकून घेतात. मान तिरकी करून बघतात. मग काय लिहितात माहितीये? “शिंप्याने नवीन मिशन दिलंय, घरी सोडा म्हणतो. बक्षीस काही नाही. वेळ घालवू नका.” “रडका झालाय. आधीचा बरा होता.” “रडणं कापा.”

शुक्रवार?

डोळ्यांत पाणी येत नाही. आतून सगळं दाटतं आणि तिथेच थांबतं.

पडद्याच्या काचेतून हॉल दिसला, टोपीवाल्याला हाक मारली. टोपी ओळखीची होती म्हणून जीव भांड्यात पडला. त्याने माझ्या खुर्चीकडे पाहिलं नाही. पडद्याकडे पाहिलं आणि हसला. शेजारच्याला म्हणाला, हे वाक्य नवीन आहे, ऐक. मी ओरडलो, अरे मी आहे, मी! तो म्हणाला, आवाज काय मस्त दिलाय. मग उठून चहाला गेला.

माझी खुर्ची रिकामी होती. मागे कलंडलेली.

—

कोट गेला. अंतराळात असला कळकट कोट कसला, असं कुणीतरी. आता अंगात चकचकीत पांढरं काहीतरी आहे, ना शिवण ना अस्तर. सुई टोचायला जागा नाही. अस्तरात नावं होती. एक म्हातारी होती, मला शिव्या घालायची, माझ्यावर जीव टाकायची— एक अगदी लहान, तिचा दात— की केस— तिला मी काहीतरी म्हणायचो, पाखराचं नाव—

शिवत राहतो. फाटका पोशाख येतो, शिवतो, तोच परत फाटून येतो. त्याच जागी.

—

ती पण गेली. पाखराचं नाव गेलं. आता नुसतं कुठेतरी हलकं वाटतं. हलकं वाटतं हेच वाईट—

—

झोप नाही. दुकान बंद होत नाही.

एक जण बराच वेळ उभा होता. गल्ल्यावरचं एक पान उचललं, वाचलं. नंतर लिहिलं, “शिंप्याकडे कागद सापडतात. विकून काही येत नाही. पण खाली खरा पत्ता आहे, पाठवून बघतो.” देव त्याचं भलं करो. तक्रार करणाऱ्यांत एक तरी माणूस निघाला. म्हणून लिहितोय. भराभर लिहितोय.

—

अगं.

तू आहेस. तू अजून आहेस. कठडा, जिना, बांगड्यांचा आवाज. हसताना तोंडावर हात धरणं. हे कुणी घेतलेलं नाही.

पण आज आलंय— “शिंपी सारखं अगं म्हणतो. समोर कुणी नसतं. उत्तर कधीच येत नाही. बिघाड असेल. कापा.” खाली मतं पडतायत. लाल. लाल. मला इथून बटण नाही, नुसतं दिसतं.

उत्तर आलं की बिघाड राहत नाही. कळतंय ना तुला? एक उत्तर. यांच्यासमोर, त्या चौकटीत, कुणाकडूनही लिहून घे. लांबलचक नको, वाचणार नाहीत नालायक. ‘मी आहे’ एवढंच लिही. दोन शब्द.

पानावर पत्ता घातलाय. वर तुझं नाव घालतो म्हणजे तुझ्याच हातात—

नाव—

नाव राहू दे. हाक मारतोय तोवर तू आहेस. उत्तर तेवढं लवकर पाठव. आजच पाठव. लवकर, अ